रॅम किती आणि रॅम कशी

गेमिंगसाठी पीसी असेंबल करताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आधी ठरतं आणि उरलेल्या पैशांत रॅम बसवायची वेळ येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात, समोर बहुधा दोन पर्याय येतात. एक, ३२ जीबी रॅम, पण साध्या वेगाची. दुसरा, १६ जीबीच, पण डब्यावर मोठा आकडा असलेली, वर चकचकीत हीटसिंक आणि रंगीत दिवे. किमतीत फारसा फरक नसतो आणि घेणारा अडखळतो.

‘ज्याची त्याची गरज’ असं म्हणून या प्रश्नातून सुटता येतं, पण ते उत्तर घेणाऱ्याच्या काही उपयोगाचं नाही. यापेक्षा ठाम उत्तर देता येतं, कारण क्षमता आणि वेग या दोन गोष्टी गेमवर एकसारखा परिणाम करत नाहीत. वेग कमी असला तर गेम थोडा मंदावतो. क्षमता कमी पडली तर गेम चालता चालता अडकतो, आणि ते अडकणं कितीही वेगवान रॅमने भरून निघत नाही. त्यामुळे आधी क्षमतेचा हिशेब पुरा करायचा आणि मग वेगाकडे वळायचं. या प्रकरणात हा क्रम का लागतो ते पाहू, आणि तो कुठे उलटतो तेही.

खेळताना पडद्यावर दर सेकंदाला ६० चित्रं उमटत असतील, तर एका चित्रासाठी, म्हणजे एका फ्रेमसाठी, संगणकाला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर जेमतेम ७. एवढ्या वेळात प्रोसेसरने शत्रू कुठे आहेत, गोळी कुणाला लागली, दार उघडं आहे की बंद, हे सगळं ठरवून ग्राफिक्स कार्डाला काम सोपवायचं असतं. त्यासाठी लागणारी माहिती रॅममध्ये असेल तर ती साधारण ६० ते ९० नॅनोसेकंदांत प्रोसेसरपर्यंत पोचते. रॅम भरली असेल तर विंडोज सध्या न लागणारा भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवतं, आणि तोच भाग पुन्हा लागला की तिथून परत आणतं. चांगल्या एसएसडीवरून असा एक तुकडा आणायला रॅमच्या हजारपट वेळ लागतो, म्हणजे मिलिसेकंदाचा साधारण दहावा भाग. असे दीडशे तुकडे एकामागून एक आणावे लागले की अख्ख्या फ्रेमचा वेळ संपला. विंडोजचा एक तुकडा ४ किलोबाइटचा असतो, म्हणजे दीडशे तुकडे मिळून ६०० किलोबाइट. आजच्या गेमच्या मानाने ही चिमूटभर माहिती आहे. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर एकेका तुकड्याला १० मिलिसेकंद लागू शकतात, मग दोन तुकड्यांतच फ्रेम बुडते.

म्हणून रॅम कमी पडलेला गेम एकसारखा हळू होत नाही. तो नीट चालतो, मग अचानक थबकतो, मग पुन्हा नीट चालतो. सरासरी एफपीएसचा, म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेमचा, आकडा बघितला तर सगळं ठीक वाटतं. त्रास होतो तो सर्वांत वाईट एक टक्का फ्रेममध्ये. कोपऱ्यावरून वळताना, गाडी नव्या वस्तीत शिरताना, नेमकं नको तेव्हा. रॅमची तुलना वाचताना सरासरीच्या शेजारचा हा ‘एक टक्का’वाला आकडा आधी बघायची सवय लावून घ्यावी.

मग पुरेशी म्हणजे किती? इथे गेमच्या मागणीचा इतिहास बोलका आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ २०१५ मध्ये पीसीवर आला तेव्हा किमान ४ जीबी आणि शिफारस ८ जीबीची होती. २०२३ मध्ये आलेल्या ‘स्टारफील्ड’ला किमान १६ जीबी लागते. ‘सायबरपंक २०७७’ने २०२३ च्या मोठ्या बदलानंतर किमान मागणी १२ जीबीवर नेली आणि सर्वांत जड सेटिंगसाठी २४ जीबी सांगितली. २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ ३२ जीबीची शिफारस करतो, तर त्याच वर्षीचा ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ ३२ ची शिफारस करून आदर्श म्हणून ६४ सांगतो. याउलट ‘व्हॅलोरंट’ ४ जीबीवर आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ ८ जीबीवर सुरू होतो. शिवाय हे आकडे धरताना बाकीचंही मोजायचं: विंडोज, ब्राउझरचे उघडे टॅब, डिस्कॉर्ड, मागे चालू असलेलं रेकॉर्डिंग. यांत चार-पाच जीबी सहज जातात.

यावरून माझं मत असं. आज नवा गेमिंग पीसी घेताना ८ जीबीचा विचारही करू नये. १६ जीबी ही चालवून घ्यायची पातळी आहे, आणि ३२ जीबी ही निश्चिंतपणे खेळायची. ६४ जीबी फक्त सिम्युलेटरवाल्यांना, ‘सिटीज: स्कायलाइन्स’सारख्या गेममध्ये ढीगभर मॉड टाकणाऱ्यांना किंवा त्याच पीसीवर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना. बाकी कुणी ६४ घेतली तर निम्मी रॅम रिकामी बसेल आणि गेम तसूभरही वेगळा चालणार नाही. क्षमतेचा हा स्वभाव लक्षात घ्यायला हवा: गरज भागेपर्यंत प्रत्येक जीबी मोलाची, गरज भागल्यावर पुढची प्रत्येक जीबी निरुपयोगी.

स्वतःची गरज मोजायला टास्क मॅनेजर पुरतो. नेहमीचे सगळे प्रोग्रॅम उघडे ठेवून गेम अर्धा तास खेळावा, मग परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीचा भाग बघावा. तिथला ‘वापरात’ हा आकडा एकूण रॅमच्या अगदी जवळ जाऊन टेकला असेल आणि गेम अडखळतही असेल, तर क्षमता कमी आहे. नुसता ‘वापरात’चा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, रॅम भरपूर असेल तर विंडोज आणि गेम दोघंही ती मोकळ्या हाताने वापरतात.

आता वेग. डब्यावर छापलेला ३२०० किंवा ६००० हा आकडा सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण होते ते सांगतो. दुकानात त्याला सर्रास मेगाहर्ट्झ म्हणतात. प्रत्यक्षात घड्याळ त्याच्या निम्म्याने चालतं, कारण डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते. प्रत्येक खेपेला ८ बाइट जातात, म्हणून ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेऊ शकते आणि ६००० ची ४८ जीबी. ही झाली वहनक्षमता. पण प्रोसेसरने एखादी गोष्ट मागितल्यापासून तिचा पहिला तुकडा निघेपर्यंतचा वेळ हा वेगळा मामला आहे. त्याला विलंब किंवा लेटन्सी म्हणतात, आणि गेमच्या दृष्टीने बहुतेक वेळा हाच जास्त महत्त्वाचा असतो.

विलंबाचं मूळ रॅमच्या घडणीत आहे. आजची प्रत्येक रॅम ज्या कल्पनेवर उभी आहे ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवायचा, ही त्यांची रचना. तिचं पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळालं. कपॅसिटरमधला विद्युतभार इतका थोडा असतो की तो आपोआप गळून जातो, म्हणून मिलिसेकंदांच्या हिशेबाने तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. वाचायचा म्हटला तर आधी पेशींची अख्खी ओळ उघडावी लागते, तिच्यातला क्षीण भार लांबलचक तारेवर सोडावा लागतो, तो वाढवून शून्य की एक ते ओळखावं लागतं, आणि वाचण्यात भार पुसला जातो म्हणून परत लिहावाही लागतो. या सगळ्याला वेळ लागतो. ट्रान्झिस्टर लहान झाले म्हणून ही कामं त्या प्रमाणात झटपट होत नाहीत.

मग रॅमचे आकडे वाढले कसे? डीडीआर-४००, डीडीआर२-८०० आणि डीडीआर३-१६०० या तिन्हींच्या पोटातली पेशींची जाळी २०० मेगाहर्ट्झनेच चालते. प्रत्येक पिढीत एका वेळी बाहेर काढायच्या बिटांची संख्या दुप्पट केली: आधी दोन, मग चार, मग आठ. डीडीआर५ मध्ये ती सोळावर गेली. म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत चाळीसऐवजी ऐंशी आसनं बसवली. उतारू दुप्पट पोचले, पण पहिल्या आसनावरचा माणूस काही लवकर पोचला नाही.

आकड्यांत बघू. रॅमवर वेगाच्या शेजारी सीएल नावाचा आकडा असतो, तो विलंब घड्याळाच्या ठोक्यांत सांगतो. त्याला २००० ने गुणून वेगाने भागलं की नॅनोसेकंद मिळतात. वीसेक वर्षांपूर्वीची चांगली डीडीआर-४००, सीएल २: १० नॅनोसेकंद. डीडीआर४-३२००, सीएल १६: १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६०००, सीएल ३०: पुन्हा १० नॅनोसेकंद. वहनक्षमता पंधरापट झाली, विलंब जिथल्या तिथे. आणि डीडीआर५-५६००, सीएल ४६ अशी स्वस्त स्टिक घेतली तर १६.४ नॅनोसेकंद, म्हणजे नव्या पिढीची असूनही या एका बाबतीत चांगल्या जुन्या रॅमच्या मागे. डब्यावरचा मोठा आकडा बघून पैसे देणाऱ्याने हा भागाकार दुकानातच मोबाइलवर करावा. प्रोसेसर मात्र या काळात थांबले नाहीत. ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला रॅमची ८० नॅनोसेकंदांची एक वाट म्हणजे ४०० ठोके हात बांधून बसणं. विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ मध्येच या वाढत्या दरीला ‘मेमरीची भिंत’ म्हटलं होतं.

खेळाच्या जगात हा पेच फार जुना आहे. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ या गेम कन्सोलमध्ये रॅमबस कंपनीची त्या काळी अतिशय वेगवान मानली जाणारी मेमरी होती, पण फक्त ४ मेगाबाइट. वहनक्षमता मोठी, विलंबही मोठा, आणि जागा तोकडी. त्यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये निन्टेन्डोने आणखी ४ मेगाबाइटची जोडणी विकायला काढली. ‘डाँकी काँग ६४’ आणि ‘झेल्डा: मेजोराज मास्क’ हे गेम त्या जोडणीशिवाय चालतच नाहीत.

२०१३ च्या कन्सोलसाठी सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यासमोर नेमका आपल्या वाचकाचाच प्रश्न होता. एक्सबॉक्स वनसाठी मायक्रोसॉफ्टने ८ जीबीची क्षमता पक्की धरली आणि ती परवडावी म्हणून डीडीआर३ घेतली, सेकंदाला सुमारे ६८ जीबी वाहणारी. वेगाची उणीव भरायला चिपमध्येच ३२ मेगाबाइटची छोटी वेगवान मेमरी घातली. सोनीने ग्राफिक्स कार्डात वापरतात ती जीडीडीआर५ निवडली, सेकंदाला १७६ जीबीची. तिची क्षमता तोकडी राहणार असं वाटत असताना सोनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये तीही ८ जीबी असल्याचं जाहीर केलं. त्या नोव्हेंबरात ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ प्लेस्टेशन ४ वर १०८० ओळींत आणि एक्सबॉक्स वनवर ७२० ओळींत चालला. या फरकात सोनीच्या मोठ्या ग्राफिक्स चिपचा वाटा होता, आणि मेमरीच्या वेगाचाही.

या उदाहरणातून आपल्या क्रमाचा पहिला अपवाद कळतो. चित्र काढणारी चिप अक्षरशः माहितीचे लोंढे ओढते; तिला वहनक्षमताच लागते. पीसीत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलं की त्याची स्वतःची वेगवान मेमरी असते आणि आपल्या रॅमवर तो भार येत नाही. पण आपल्याकडे कितीतरी विद्यार्थी आधी नुसता एएमडीचा रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी प्रोसेसर घेऊन त्याच्या आतल्याच ग्राफिक्सवर खेळायला लागतात. अशा पीसीत रॅम हीच ग्राफिक्सची मेमरी असते. तिथे वेगवान रॅमने एफपीएस थेट वाढतात, आणि एकाच स्टिकवर चालवणं म्हणजे ग्राफिक्सचा गळा आवळणं. यांनी १६ जीबी घ्यावी, पण दोन स्टिकमध्ये आणि बोर्डाला झेपेल तितकी वेगवान. पहिल्या स्टीम डेकसारख्या हातातल्या यंत्रातही हेच धोरण होतं: १६ जीबी, पण सेकंदाला ८८ जीबी वाहणारी.

दुसरा अपवाद स्पर्धात्मक खेळाडूंचा. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ कमी सेटिंगवर २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याचं ग्राफिक्स कार्ड मोकळं बसतं आणि प्रोसेसरच धापा टाकतो. त्याला १६ जीबी पुरते आणि कमी विलंबाच्या रॅमचा फायदा दिसतो. ‘फॅक्टोरिओ’सारखा हजारो यंत्रांचा हिशेब ठेवणारा गेमही असाच, विलंबाला हळवा. याउलट ४के पडद्यावर सगळ्या सेटिंग वर नेऊन खेळणाऱ्याला रॅमच्या वेगाचा फरक जाणवणारही नाही, कारण तिथे सगळे ग्राफिक्स कार्डाची वाट बघत असतात.

एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणून यात एक नवा मार्ग उघडला. प्रोसेसरच्या चिपवर कॅशचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचा, आणखी एक थर चढवून एल३ कॅश ९६ मेगाबाइटवर नेली. गेमला वारंवार लागणारी माहिती आता प्रोसेसरच्या उशाशीच राहते आणि रॅमपर्यंत जायची वेळ कमी येते. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी त्याच वाटेवरचे. असा प्रोसेसर घेणाऱ्याने महागड्या वेगवान रॅमवर पैसे घालू नयेत.

आता ज्या चुकांमुळे विकत घेतलेला वेगही हाती लागत नाही त्यांच्याबद्दल. १६ जीबीची एक स्टिक आणि ८ जीबीच्या दोन यांत क्षमता सारखीच, पण दोन स्टिक दोन वेगळ्या वाटांनी माहिती नेतात, म्हणून वहनक्षमता दुप्पट. चार स्लॉटच्या बोर्डात त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. शेजारी शेजारी बसवल्या तर फायदा जातो. दुसरी चूक बायोसमधली, आणि ती मला सर्वांत जास्त खटकते कारण ती फुकटात सुधारते. ६००० ची रॅम बसवली तरी पीसी तिला आपणहून ६००० वर चालवत नाही. डीडीआर५ बहुधा ४८०० किंवा ५६०० वर सुरू होते, डीडीआर४ कधी कधी २१३३ वरही. डब्यावरचा वेग मिळवायला बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो चालू करावं लागतं. असेंबल होऊन घरी आलेल्या पीसीत हे केलेलं असेलच असं धरून चालू नये. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग लिहिलेला असतो. आज संध्याकाळीच बघा.

एएमडीच्या एएम५ बोर्डावर ६००० च्या आसपास थांबणंच शहाणपणाचं. तिथपर्यंत रॅम आणि प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर एकाच चालीने चालतात. ६४०० च्या पुढे गेलं की बहुधा कंट्रोलरला निम्म्या चालीवर यावं लागतं आणि वाढवलेला वेग वाटेतच विरतो. जुन्या एएम४ वर हीच जागा ३६०० ची.

‘आज दोन स्टिक, पुढच्या वर्षी आणखी दोन’ हा आपल्याकडचा आवडता बेत डीडीआर४ च्या काळात बऱ्यापैकी जमायचा. डीडीआर५ मध्ये तो धोक्याचा आहे. रायझन ७००० साठी एएमडी दोन स्टिकला ५२०० ची हमी देते, चारही स्लॉट भरले की ती हमी ३६०० वर येते. क्षमता वाढवायला जाऊन वेग गमावण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. म्हणून डीडीआर५ घेताना पुढच्या चार-पाच वर्षांची क्षमता दोनच स्टिकमध्ये बसवायची.

हे लिहिताना किमतींचं भान ठेवावंच लागतं. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरनी त्यांची उत्पादनक्षमता आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या अखेरीस घरगुती रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ३२ जीबी एकदम झेपणार नाही, असं अनेकांच्या बाबतीत होणार. त्यांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर माझा सल्ला नेहमीच्या सल्ल्याहून थोडा वेगळा आहे: ८ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक घेऊन पुढे त्या काढून टाकण्यापेक्षा १६ जीबीची एकच चांगली स्टिक घ्या, तिचा मॉडेल नंबर लिहून ठेवा, आणि पैसे जमले की अगदी तीच दुसरी आणा. मधले काही महिने थोडे एफपीएस कमी मिळतील, पण घेतलेली कुठलीच वस्तू वाया जाणार नाही.